स्लॅबचा रेट विचारण्याआधी हे वाचा: घराच्या आरसीसी कामाची कोटेशनं कशी ताडून बघायची

घर बांधायला काढलं की पहिला प्रश्न सगळेच एक विचारतात, "मिस्त्री, फुटाला काय घेता?" आम्हीपण तोच विचारला होता. तीन जणांकडून रेट आले, एकाचा २४०, एकाचा २८५ आणि तिसऱ्याने सरळ मालासकट आकडा सांगितला त्यामुळे त्याचं काही डोक्यातच शिरलं नाही. मग काय, २४० वाल्याला काम दिलं. शेवटच्या हिशोबाला बसलो तेव्हा कळलं की २८५ वाला स्वस्त होता. कसं ते खाली सांगतो, कारण अख्ख्या प्रकरणाची मेख तिथेच आहे.

आधी एक सांगून ठेवतो, इथे दिलेले रुपयांचे आकडे फक्त हिशोब समजायला आहेत, तुमच्या गावातला रेट वेगळा असणार, सांगलीचा वेगळा, पुण्याचा वेगळा, कोकणात चढावर गाडी जात नसेल तर आणखी वेगळा. मालाची मापं मात्र कुठेही तीच.

पहिलं काम म्हणजे ड्रॉइंग. आरसीसी, म्हणजे आत सळया घातलेल्या काँक्रीटच्या कामाचं, डिझाइन नसताना रेट मागवू नका, कितीही ओळखीचा माणूस असू दे. आर्किटेक्टचा प्लॅन वेगळा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचं ड्रॉइंग वेगळं, त्या दुसऱ्या कागदावर फूटिंगची (कॉलमखालच्या पायाची) साइज, कॉलम, बीम, स्लॅबची जाडी, कुठली सळई किती अंतरावर हे सगळं लिहिलेलं असतं. तो कागद नसेल तर प्रत्येक मिस्त्री आपापल्या मनातलं घर धरून रेट देतो, एकाच्या मनात नऊ इंचाचा कॉलम, दुसऱ्याच्या मनात बाराचा, आणि तुम्ही ते दोन आकडे शेजारी ठेवून कोण स्वस्त ते बघत बसता. इंजिनिअरची फी वाचवायला गेलेले लोक नंतर लोखंडात त्याच्या दुप्पट घालवतात, कारण ड्रॉइंग नसलं की सळया बांधणारा फिटर भीतीपोटी जास्तच लोखंड टाकतो, आणि तेही नको तिथे.

दुसरं, माल किती लागतो हे स्वतः काढा. घाबरू नका, पाचवीचं गणित आहे. समजा १००० स्क्वेअर फूट स्लॅब, जाडी ५ इंच. १००० ला ५ ने गुणायचं आणि १२ ने भागायचं, झाले ४१७ घनफूट. आपल्याकडे १०० घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे हे ४.१७ ब्रास काँक्रीट. आरएमसीवाले (प्लांटमधून तयार काँक्रीट, म्हणजे रेडीमिक्स, आणून देणारे) घनमीटरमध्ये बोलतात, एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, म्हणून हेच झालं ११.८ घनमीटर. यात बीम धरलेले नाहीत, त्यांचा स्लॅबखाली लोंबणारा भाग वेगळा काढून मिळवायचा.

आता एम२० ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा), जुन्या भाषेत १:१.५:३ (सिमेंट, वाळू, खडी), त्याला एका घनमीटरला साधारण ८ पोती सिमेंट लागतं. म्हणजे नुसत्या स्लॅबला ९५ पोती धरा, वाळू साधारण पावणेदोन ब्रास आणि खडी साडेतीन ब्रास. लोखंडासाठी अंदाज करत बसू नका, इंजिनिअरकडून बीबीएस मागा, म्हणजे बार बेंडिंग शेड्यूल, त्यात प्रत्येक सळईची लांबी, नग आणि वजन असतं. आणि सळईचं वजन पडताळायचं सूत्र पाठ करून ठेवा: व्यासाचा वर्ग भागिले १६२, उत्तर किलो पर मीटर. १२ एमएमची १२ मीटरची सळई १०.६६ किलो भरायला हवी, ८ एमएमची ४.७४ किलो. आयएस १७८६ (सळईचं भारतीय मानक) प्रमाणे १० एमएमपर्यंत ७ टक्के आणि त्यापुढे १६ एमएमपर्यंत ५ टक्के इकडेतिकडे चालतं. त्याहून हलकी असेल तर दुकानदाराला "परत घे" म्हणायचं, लाजायचं नाही.

हे आकडे हातात असले की बोलणं बदलतं. मिस्त्री म्हणाला "साहेब, स्लॅबला ७० पोती बास" तर तुम्हाला लगेच कळतं की एकतर हा चार इंचाचा स्लॅब टाकणार आहे किंवा १:२:४ मारणार आहे. १:२:४ म्हणजे एम१५, आणि आयएस ४५६ (काँक्रीट कामाचं भारतीय मानक) मध्ये आरसीसीसाठी कमीत कमी एम२० सांगितलंय. समुद्राकाठी घर असेल तर तेही पुरत नाही, एम३० सांगितलंय, म्हणून रत्नागिरी मालवणकडच्यांनी घाटावरच्या मित्राचं कोटेशन घेऊन तुलना करू नये, ग्रेडच वेगळी आहे.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची म्हणून जरा लांबण लावतो. फूट कसा मोजणार?

आमच्या २४० वाल्याने तोंडी सांगितलं "स्लॅबचा फूट". आम्हाला वाटलं १००० फूट गुणिले २४०, विषय संपला. बिल आलं तेव्हा त्यात स्लॅबचे १०००, बाल्कनी ६०, छज्जे ९० आणि तेही पूर्ण, जिना ८०, जिन्यावरचं हेडरूम १००, असे १३३० फूट धरलेले. १३३० गुणिले २४०, झाले ३ लाख १९ हजार २००. २८५ वाला मात्र म्हणाला होता की बाहेरून बाहेर स्लॅब मोजणार, जिना छज्जा बाल्कनी हेडरूम सगळं त्यातच. म्हणजे २ लाख ८५ हजार. चौतीस हजारांचा फटका, आणि मिस्त्रीने फसवलं असंही म्हणता येत नाही, तो म्हणाला "आमच्याकडं असंच मोजत्यात", आणि खरंच त्याच्या गावात तसंच मोजतात. आपणच विचारलं नव्हतं.

त्यामुळे प्रत्येकाला हे विचारा: छज्जा पूर्ण धरणार, अर्धा धरणार की रनिंग फुटावर? जिना स्लॅबच्या फुटात की पायरीवर? लॉफ्ट? किचनचा ओटा? डक्टची मोकळी जागा वजा होणार की नाही? पाण्याची टाकी आणि सेप्टिक टँक फुटावर की लिटरवर की अंगावर (ठोक रकमेत)? पॅरापेट (गच्चीचा कठडा) कशात? पहिल्या मजल्याला रेट वाढणार का आणि किती? आणि फूटिंग किती खोलीपर्यंत धरलंय? हे शेवटचं काळ्या मातीवाल्यांनी विसरायचंच नाही, कारण कोटेशनमध्ये ५ फूट लिहिलेलं असतं आणि मुरूम लागतो ८ फुटांवर, जादाच्या ३ फुटांचं खोदकाम, कॉलमची वाढीव लांबी, भराव सगळं "एक्स्ट्रा". खडक लागला तर ब्रेकर तासावर, तो तर कुणीच धरत नाही.

मग चौथं, सगळ्यांना एकच मजकूर पाठवा. मी नंतर धाकट्या भावाच्या घराला असा व्हॉट्सअॅप मेसेज केला होता, ड्रॉइंगच्या पीडीएफसोबत, तसाच उतरवतो, तुमचे आकडे घाला (त्यात सेंट्रिंग म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा आणि टेकू, फिटिंग म्हणजे सळया बांधणं, एफई ५००डी ही सळईची ग्रेड, व्हायब्रेटर म्हणजे काँक्रीट हलवून घट्ट बसवणारं मशीन):

"नमस्कार. सोबत आरसीसी ड्रॉइंग आहे. काम फूटिंगपासून स्लॅबपर्यंत. ग्रेड एम२०, स्लॅब ५ इंच, लोखंड एफई ५००डी. रेट दोन प्रकारे द्या, फक्त मजुरी आणि मालासकट. मजुरीत सेंट्रिंग, फिटिंग, मिक्सर, लिफ्ट, व्हायब्रेटर, बाइंडिंग वायर, कव्हर ब्लॉक, खिळे, डिझेल यातलं काय तुमचं आणि काय आमचं ते लिहा. मोजमाप कसं करणार ते लिहा. पाणी आणि लाइट आम्ही देऊ. सेंट्रिंग इंजिनिअरने सांगितल्याशिवाय काढायचं नाही. पैसे टप्प्याने. रविवारपर्यंत कळवा."

पाच जणांना पाठवला, तिघांनी नीट उत्तर दिलं, एकाने फोन करून "अहो घरचंच काम समजून करतो, लिहायचं काय त्यात" म्हणून सांगितलं, त्याला तिथेच सोडला. माणूस वाईट नसेलही, पण ज्याला लिहायचा कंटाळा त्याच्याशी शेवटी भांडण होतंच. एक मात्र लक्षात ठेवा, चांगले जुने मिस्त्री बऱ्याचदा लिहून देत नाहीत कारण सवयच नसते, अशांच्या समोर बसून आपणच वहीत लिहायचं, वाचून दाखवायचं आणि सही घ्यायची. आमचे नाना तर म्हणायचे, चहा पाजून लिहून घे, उपाशी लिहून घेऊ नको.

लेबर रेट आणि मालासकट रेट यांची तुलना कशी करायची, तर सरळ आहे, लेबर रेटमध्ये तुमचा माल मिळवायचा. वर काढलेली सिमेंटची पोती, वाळूचे ब्रास, खडी, लोखंडाचे किलो, प्रत्येकाला गावातल्या दुकानाचा आजचा भाव लावा, गाडीभाडं आणि उतराई धरा, आणि वर पाचेक टक्के नासधूस. जो आकडा येईल तो मालासकटवाल्याच्या आकड्याशेजारी ठेवा. मालासकटवाला थोडा महाग असणारच, त्याचे पैसे अडकतात, धावपळ त्याची होते, तुम्ही नोकरीला जाऊ शकता. पण तो तुमच्या आकड्यापेक्षा खाली असेल तर खूश होऊ नका, विचारा कुठलं सिमेंट, कुठलं लोखंड, वाळू नदीची की क्रश सँड की नुसती डस्ट. ब्रँडचं नाव कागदावर हवं, "चांगल्या कंपनीचं" असं लिहिलेलं चालणार नाही.

जीएसटीचं पण इथेच बघून घ्या. स्वतःच्या एकट्या स्वतंत्र घराचं नवीन बांधकाम नुसत्या मजुरीवर दिलं तर त्या मजुरीला जीएसटी माफ आहे. मालासकट दिलं की तो वर्क्स कॉन्ट्रॅक्ट, त्याला १८ टक्के. एकाच्या कोटेशनखाली बारीक अक्षरात "जीएसटी एक्स्ट्रा" असतं आणि दुसऱ्याने काहीच लिहिलेलं नसतं, तेव्हा दोघांना विचारा. आणि ज्याची जीएसटी नोंदणीच नाही त्याला तो लावताच येत नाही.

आरएमसी घेणार असाल तर आणखी एक खाच आहे जी बहुतेकांच्या लक्षात येत नाही. रेडीमिक्स आलं की मिक्सर नको, लिफ्ट नको, पाट्या वाहणारी वीसपंचवीस माणसांची टोळी नको, म्हणजे लेबर कॉन्ट्रॅक्टरचा मोठा खर्च वाचला. मग त्याचा फुटाचा रेट तोच का राहावा? विचारा, कमी करतो. आम्ही विचारल्यावर गडी आधी हसला आणि मग फुटामागे रेट उतरवला. उलट बाजूला पंपाचं भाडं वेगळं असतं, थोडाच माल घेतला तरी ठरलेलं कमीत कमी बिल द्यावं लागतं, आणि गल्लीत ट्रक वळतो का, वरून तारा जातात का हे आधी बघून या, नाहीतर ट्रक चौकात उभा आणि आत काँक्रीट आवळतंय. प्लांटमध्ये भरल्यापासून दोन तासांत ते खाली व्हायला हवं, चलनावर भरल्याची वेळ असते ती वाचा. पंपाने काँक्रीट भराभर येतं, ढीग एकाच जागी पडतो, त्यामुळे सेंट्रिंगचे टेकूपण जास्त भक्कम लागतात, हे सेंट्रिंगवाल्याला आधी सांगा म्हणजे तो त्याच्या रेटमध्ये धरेल, आयत्या वेळी कुरकुर नको.

आता सगळे आकडे आले. एक वही घ्या, आडव्या ओळीत मिस्त्री, उभ्या ओळीत कामं. ज्याने जे धरलं नाही तिथे रिकामं सोडायचं नाही, बाजारभावाने तुम्हीच आकडा टाकायचा. २४० वाल्याकडे व्हायब्रेटर नाही? भाडं टाका. बाइंडिंग वायर नाही? टाका. कव्हर ब्लॉक नाही? टाका, आणि दगडाच्या कपच्या चालवतो म्हणाला तर नको म्हणा, स्लॅबला २० एमएम, बीमला २५, कॉलमला ४० आणि फूटिंगला ५० एमएम कव्हर, म्हणजे सळईबाहेर काँक्रीटचा थर, लागतं (कोरड्या हवेतल्या साध्या घराचं हे, बाकी ड्रॉइंगवर लिहिलेलं असेल ते). लोखंडाला हवा-पाणी लागून दहा-पंधरा वर्षांत स्लॅबचे पोपडे पडतात ते बहुतेक या दोन पैशांच्या ठोकळ्यांवर वाचवल्यामुळेच. मग एकूण बेरीज करा, आणि फुटाचा रेट विसरून फक्त त्या बेरजेकडे बघा. अजून एक ताळा हवा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची बघा, तिला लोक अजून डीएसआरच म्हणतात, त्यात काँक्रीट घनमीटरवर, लोखंड टनावर असे दर असतात. घरगुती कामाचा रेट तंतोतंत तसा नसतो, पण कुठली गोष्ट वेगळी मोजतात हे तरी समजतं.

फार कमी आकडा आला तर? सरळ नाकारायचा नाही, कधीकधी गड्याकडे स्वतःच्या सेंट्रिंग प्लेटा असतात, शेजारीच दुसरं काम चालू असतं, खरंच परवडतं त्याला. पण विचारायचं, कुठून वाचतंय. स्लॅब एक इंचाने बारीक केला तर १००० फुटात ८३ घनफूट काँक्रीट वाचतं, म्हणजे जवळजवळ १९ पोती सिमेंट, माल त्याचा असेल तर मोह होणारच. लेबरवाल्याला सिमेंटमध्ये काही सुटत नाही, तो वेळेत वाचवतो, म्हणजे सेंट्रिंग लवकर काढतो, कारण त्याच्या प्लेटा तुमच्या स्लॅबखाली अडकलेल्या असतात आणि पुढचा गिऱ्हाईक फोन करत असतो. आयएस ४५६ मध्ये साध्या ओपीसी सिमेंटला साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, बीमचे ६ मीटरपर्यंत १४ आणि पुढे २१ दिवस ठेवायला सांगितलंय, आणि पीपीसी (राख मिसळलेलं सिमेंट) वापरलं तर वाढवावे लागतात, इंजिनिअर सांगेल तेवढे. हे दिवस कोटेशनमध्ये लिहून घ्या. लिहिलं की रेट थोडा वाढतो, वाढू द्या.

पाणी कोण मारणार हेही लिहा. स्लॅब पडला की टोळी गायब होते आणि पाण्याचं काम घरच्यांवर येतं, आमच्याकडे आईने केलं, सकाळ-संध्याकाळ पाइप घेऊन. वाफे करून पाणी तुंबवून ठेवलं तर बरं. पीपीसीला कमीत कमी १० दिवस.

कागद झाला की माणूस बघा. त्याचं नवीन झालेलं काम सगळेच दाखवतात, तुम्ही दोन पावसाळे खाल्लेलं दाखव म्हणा. तिथल्या घरमालकाशी मिस्त्रीला बाजूला ठेवून बोला, "गळतं का" विचारा आणि त्याहून जास्त "शेवटी बिल किती वाढलं" हे विचारा. आणि चालू कामावर न सांगता जा. सेंट्रिंग काढलेल्या स्लॅबखाली उभं राहून वर बघा, खडी उघडी पडलेली, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकं दिसत असतील तर त्याच्याकडे व्हायब्रेटर आहे पण फिरवत नाही असं समजा. कॉलमच्या पायथ्याशी तर नक्की बघा, तिथेच खरी कारागिरी कळते.

घासाघीस करायची ती रेटवर करण्यापेक्षा एक्स्ट्रावर करा. "रेट तुमचाच ठेवतो, पण छज्जे अर्धे धरा आणि टाकी त्यातच" असं म्हटलं की त्याचा मान राहतो आणि तुमचे पैसे वाचतात. पाच-दहा रुपये फुटाला पाडून घेतले तर तो कुठेतरी ते काढणारच. आणि दुसऱ्याचं कोटेशन उघड करून दाखवू नका, मिस्त्री लोक एकमेकांना ओळखतात, दुसऱ्या दिवशी दोघांचा रेट एक झालेला असतो. हे मी अनुभवाने सांगतोय.

करारनामा शंभर पानी नको, दोन पानं पुरतात. पैशांचे टप्पे: थोडा अॅडव्हान्स, मग फूटिंग झाल्यावर, प्लिंथ (जोतं) झाल्यावर, कॉलम झाल्यावर, सेंट्रिंग-लोखंड बांधून इंजिनिअरने चेक केल्यावर, स्लॅब पडल्यावर, आणि सेंट्रिंग उतरल्यावर. झालेल्या कामापेक्षा दिलेले पैसे कधीही पुढे जाऊ द्यायचे नाहीत, होळी-दिवाळीला टोळी गावी जाते तेव्हा उचल मागतात, तेव्हा खास सांभाळा. पाच टक्के पहिल्या पावसाळ्यानंतर द्यायचे ठेवा. भंगार लोखंडाचे तुकडे आणि रिकामी पोती कोणाची हेही लिहा, हसू नका, यावरून झालेली भांडणं बघितलीयेत. सहा क्यूबचा (काँक्रीटची ताकद तपासायच्या ठोकळ्यांचा) खर्च कोण करणार तेही, १५० एमएमचे ठोकळे स्लॅबच्या दिवशी भरायचे, तीन ७ दिवसांनी आणि तीन २८ दिवसांनी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये फोडून बघायचे. नुसते साच्यात भरताना दिसले तरी त्या दिवशी मालात पाणी कमी घालतात, हा त्याचा साइड फायदा.

आणि स्लॅबच्या दिवसाचा खर्च कोटेशनमध्ये नसतो पण खिशातून जातो. नारळ, पेढे, वीसपंचवीस माणसांचं जेवण, कुठे जिलेबी, कुठे मटण, वर बक्षिसी. आधीच विचारा तुमच्याकडे काय पद्धत आहे आणि बजेटमध्ये टाका.

त्या दिवशी सुट्टी काढा आणि मिक्सरजवळ खुर्ची टाकून बसा. एका पोत्यामागे पाणी किती घालतात बघा, पन्नास किलोला २५ ते २७ लिटर, वाळू ओली असेल तर त्याहून कमी, पण गडी पाइपच सोडतात कारण पातळ माल ओतायला सोपा. एका पोत्याला वाळूच्या किती पाट्या आणि खडीच्या किती ते सकाळीच फरम्याने (मापाच्या पेटीने) मोजून ठरवा. एखाद्या भाच्याला सळईवर पाच इंचाची खूण करून द्या, दर दहा फुटांवर स्लॅबमध्ये खुपसून बघत फिरायला, पोरं हे काम आवडीने करतात. आणि संध्याकाळी जेवणं चालू असताना रिकामी पोती मोजा.